रस्ता दिसतोय, मग गाडी का नको?

वाचकांचे प्रश्न : ऑफ-रोडिंग आणि सरकारी जमीन

या खेपेच्या पत्रांत तक्रारीचा सूर एकच आहे. रस्ता होता, चाकोऱ्या होत्या, अडवायला कुणी नव्हतं, मग आम्हाला रोखलं का? बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या वाचकांची आहेत. गाडी हौसेने आडरानात घालायला खुली असलेली सरकारी जमीन तिथेच एवढ्या प्रमाणावर आहे, त्यामुळे तिच्यावरून भांडणंही तिथेच जास्त. पुण्याहून आलेल्या एका पत्राचं उत्तर शेवटाकडे दिलं आहे.

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या एका नॅशनल फॉरेस्टमध्ये फोनवरच्या ॲपने दाखवलेल्या वाटेने आम्ही टॅकोमा पिकअप घेऊन गेलो. तोंडाशी ना फाटक, ना पाटी. दोन मैल आत गेल्यावर रेंजरने थांबवून दंडाची नोटीस दिली. ‘बंद’ असं कुठेच लिहिलं नसेल तर आमचा गुन्हा काय? – एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : ‘पाटी नव्हती’ हा बचाव तिथे टिकत नाही. पूर्वी बऱ्याच जंगलांत बंदीची पाटी नसेल तिथे गाडी नेता यायची. फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे तिथल्या वनखात्याच्या, २००५ सालच्या ट्रॅव्हल मॅनेजमेंट नियमाने हे उलटं केलं. आता नकाशावर जी वाट खुली म्हणून छापली आहे तेवढीच खुली, बाकी सगळं बंद. या नकाशाचं नाव मोटर व्हेइकल यूज मॅप, बोलण्यात एमव्हीयूएम. पाटी चोरीला जाते, बर्फाखाली मोडते, कुणी गोळ्या घालून तिची चाळण करतो. म्हणून कायद्याने सगळा भार नकाशावर आणि तो वाचणाऱ्यावर टाकला आहे.

हा नकाशा दिसायला अगदी रूक्ष. काळा-पांढरा, ना डोंगरांच्या सावल्या, ना हिरवा रंग. सिटी सर्व्हेचा जुना नकाशा आठवावा. पण तो फुकट मिळतो, आणि त्याची पीडीएफ ‘अव्हेंझा’सारख्या ॲपमध्ये टाकली की सिग्नल नसतानाही आपण नेमके कुठे आहोत ते त्याच नकाशावर ठिपक्याने दिसतं. घरून निघतानाच उतरवून घ्या, रेंज घाटाच्या पायथ्याशीच जाते.

वाचताना लोक फसतात ते ठरावीक जागी. पहिली जागा रेषेचा प्रकार. काही रस्ते फक्त नंबरप्लेट असलेल्या गाड्यांना खुले असतात, काही सगळ्यांना, आणि काही वाटा फक्त ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या गाड्यांना. टॅकोमा या तिसऱ्या प्रकारात बसत नाही, पण ॲपमध्ये तिन्ही रेषा एकाच रंगाच्या दिसू शकतात. दुसरी जागा समासातला तक्ता. वाटेच्या रेषेवर हंगामी खूण असेल तर खुली राहण्याच्या तारखा त्या तक्त्यात असतात, आणि तो कुणी उघडत नाही. तिसरी, रस्त्याच्या क्रमांकाच्या शेपटाचं अक्षर. १२एन०५ खुला असतो आणि त्यालाच फुटलेला १२एन०५ए बंद. जागेवरच्या खांबावरूनही थोडं कळतं. रस्त्याचा क्रमांक आडवा लिहिलेला असेल तर रस्ता साध्या मोटारीलाही जमेल असा राखलेला असतो. उभा लिहिलेला असेल तर उंच गाडी हवी. पण खांबावरचा क्रमांक म्हणजे परवानगी नव्हे, हे लक्षात ठेवा.

ॲप चुकलं कारण त्यातल्या पुष्कळ वाटा उपग्रहाच्या चित्रावरून किंवा आधीच्या गाड्यांच्या जीपीएस नोंदीवरून काढलेल्या असतात. चार जण चुकीच्या वाटेने गेले की ती ‘लोकप्रिय ट्रेल’ होते, मग पाचवा त्या भरवशावर जातो. चाकोरी जितकी ठसठशीत तितकी ती कायदेशीर, हा समज इथूनच येतो.

नोटिशीचं काय करायचं? नमूद रक्कम सेंट्रल व्हायोलेशन्स ब्युरोकडे भरली की प्रकरण मिटतं. लढायचं असेल तर फेडरल मॅजिस्ट्रेटपुढे तारीख मिळते. त्या वर्षीच्या छापील नकाशावर ती वाट तुमच्या गाडीच्या प्रकाराला खुली दाखवली असेल तर जरूर लढा, नकाशाची प्रत आणि जीपीएसची नोंद घेऊन जा. ‘माहीत नव्हतं’ एवढंच सांगायचं असेल तर पैसे भरून मोकळे व्हा. या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५,००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद अशी तरतूद आहे. साध्या चुकीला एवढं कुणी लावत नाही, पण कुरणात गोल गोल गाडी फिरवून चिखल उडवणाऱ्याला न्यायाधीश सोडत नाहीत.

प्रश्न : हाच नकाशा बीएलएमच्या जमिनीवर आणि नॅशनल पार्कात चालतो का? – एक वाचक, फिनिक्स

उत्तर : नाही. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आपली जमीन तीन वर्गांत टाकते : खुली, मर्यादित, बंद. ‘खुली’ म्हणजे मैदान, रेघ आखलेली नाही, हवी तिकडे जा. असे पट्टे कमी आहेत. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्या आणि जॉन्सन व्हॅली हे त्यांतले मोठे. ‘मर्यादित’ म्हणजे ठरवलेल्या वाटांवरच, आणि बहुतेक जमीन याच वर्गात येते. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या जमिनीवर मोटार सोडाच, सायकलही नाही. नॅशनल पार्कात वाटेवरून उतरायचंच नाही. एका दिवसाच्या फेरीत तिन्ही खात्यांच्या हद्दी लागू शकतात, म्हणून आधी जमीन कुणाची ते बघा, मग त्या खात्याचा नकाशा उघडा.

प्रश्न : युटातल्या मोआबजवळ लॅबिरिंथ कॅन्यनच्या बाजूच्या आमच्या नेहमीच्या वाटा २०२३ मध्ये बंद झाल्या. त्या सत्तर वर्षं वापरात होत्या. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता कुणी बंद करू शकत नाही, तसा काही हक्क तिथे नाही का? – एक वाचक, सॉल्ट लेक सिटी

उत्तर : वहिवाट हा शब्द तुम्ही बरोबर पकडला, कारण युटामधलं अर्धं भांडण त्यावरच आहे.

त्या बाजूच्या बऱ्याच वाटा कुणी आखून काढल्या नाहीत. १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधात माणसं बुलडोझर घेऊन फिरली. खनिज मिळालं तिथे खाण झाली, न मिळालं तिथे नुसती खरवडलेली वाट राहिली. नदीकाठाने ‘हे जो’ खाणीकडे जाणारी वाट यातलीच. खाणी थांबल्या आणि जीपवाले आले.

१८६६ च्या खाणकायद्यात एक ओळीचं कलम होतं : राखीव नसलेल्या सरकारी जमिनीवरून सार्वजनिक रस्ता काढायचा हक्क देण्यात येत आहे. आरएस २४७७ या नावाने ते आजही ओळखलं जातं. १९७६ च्या कायद्याने ते रद्द झालं, पण तोवर मिळालेले हक्क शाबूत राहिले. युटाच्या कायद्यानुसार १९७६ पूर्वी लोकांनी सलग दहा वर्षं तो रस्ता वापरला हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे १९६६ च्या आसपास त्या वाटेने गाडी हाकलेला माणूस साक्षीला हवा. अशी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, म्हणून युटा राज्याने म्हाताऱ्या गुराख्यांच्या आणि खाणवाल्यांच्या जबान्या आधीच नोंदवून ठेवल्या. राज्याने आणि काउंट्यांनी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मिळून बारा हजारांहून अधिक रस्त्यांवर दावे लावले आहेत. ते चालायला पिढ्या जातील.

तुमच्यासाठी यातली मेख अशी की हा दावा काउंटीने किंवा राज्याने लावायचा असतो. हौशी वाहनचालकाला तो लावता येत नाही. आणि निकाल लागेपर्यंत बीएलएमचा नकाशा चालतो. ‘काउंटी हा रस्ता आपला म्हणते’ असं रेंजरला ऐकवून उपयोग नाही.

आता बंदी का झाली ते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढलेल्या आदेशाने, आणि कार्टर यांनी १९७७ मध्ये तो कडक केल्याने, सरकारी जमिनीवर वाट ठरवताना खात्याला काही नुकसान कमीत कमी ठेवावं लागतं : माती आणि झाडोरा, वन्यजीवांना होणारा त्रास, आणि इतर पर्यटकांशी होणारा संघर्ष. मोआबचा २००८ चा आराखडा या कसोटीवर उतरला नाही, असं म्हणत पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. २०१७ मध्ये तडजोड झाली आणि आराखडे नव्याने करायचं ठरलं. त्यातून २८ सप्टेंबर २०२३ चा निर्णय आला : सुमारे ३१७ मैल बंद, ८०० मैलांहून अधिक खुले. बंद झालेल्यांत नदीकाठच्या आणि टेन माइलसारख्या ओल्या घळीतल्या वाटा डोळ्यात भरतात. वाळवंटात पाणी तिथेच, हिरवळ तिथेच, प्राणी तिथेच. आणि त्या पट्ट्यात ग्रीन नदी इतकी संथ आहे की होडीत बसलेल्याला कड्यावरचं इंजिन मैलभरावरून ऐकू येतं. ‘इतरांशी संघर्ष’ हा मुद्दा तिथे कागदावर सहज उभा राहिला.

मातीचंही बघा. तिथल्या वाळूवर काळसर, खरखरीत साय धरलेली असते. ती जिवंत आहे. जीवाणू, शेवाळ आणि दगडफुलांनी विणलेली. तीच वाळू धरून ठेवते, पाणी मुरवते. समोरून येणाऱ्याला वाट द्यायला तुम्ही एक चाक बाहेर घातलंत की ती पापडासारखी मोडते आणि पुन्हा धरायला दशकं लागतात. बंद पडणाऱ्या वाटांच्या फायलीत अशा बाहेर गेलेल्या चाकांचे फोटो हमखास असतात, आणि ते फोटो गाडीवाल्यांनीच पुरवलेले असतात, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

या निर्णयाविरुद्ध वाहनवाल्यांच्या संघटनाही कोर्टात गेल्या आणि तिथला नकाशा सरकार बदललं की पुन्हा हलतो. म्हणून कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. निघायच्या आठवड्यात बीएलएमच्या मोआब कार्यालयाचा चालू नकाशा उतरवा.

प्रश्न : कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं, वाळूत गाड्या चालवायचं ओशनो ड्यून्स बंद झालं असं ऐकलं. मुलांना घेऊन जायचं होतं. – एक वाचक, इर्व्हाइन

उत्तर : बंद झालं नाही. बंद करायचा निर्णय झाला होता, तो कोर्टात अडकला. मार्च २०२१ मध्ये कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनने एकमताने ठरवलं की तीन वर्षांत तिथली ऑफ-रोड वाहनं थांबवायची. कारणं दोन : स्नोवी प्लोव्हर आणि लीस्ट टर्न हे वाळूत अंडी घालणारे पक्षी, आणि वाऱ्याबरोबर निपोमो मेसावरच्या वस्तीवर जाणारी बारीक धूळ. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने, त्या जागेच्या १९८२ च्या परवान्यात कमिशनला असा बदल करता येत नाही, म्हणून तो निर्णय रद्द केला. धुळीचा वाद वेगळा चालू आहे. ती किती चाकांची आणि किती वाऱ्याची यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही.

जाताना एवढं पाळा. किनाऱ्यावर वेग ताशी १५ मैलांवर न्यायचा नाही. एटीव्ही (आडरानातली चारचाकी बाइक) किंवा बग्गी ट्रेलरवरून क्रमांक २ च्या खांबापलीकडे न्यायची, तिथे उतरवायची. त्याच्या उत्तरेला फक्त नंबरप्लेटच्या गाड्या. प्रत्येक ऑफ-रोड वाहनाला जमिनीपासून आठ फूट उंच काठी आणि तिच्या टोकाला झेंडा हवा. टेकडीच्या माथ्यावर पलीकडून येणाऱ्याला आधी तो झेंडाच दिसतो, म्हणून ‘अँटेना आहे ना’ चालत नाही. १ मार्च ते ३० सप्टेंबर पक्ष्यांसाठी घातलेल्या कुंपणाच्या आत पाय किंवा चाक टाकू नका. आणि भरतीचं वेळापत्रक बघा : आरोयो ग्रांदे ओढा समुद्राला मिळतो तिथे भरतीला ओल्या वाळूचा पट्टा अरुंद होतो, आणि अडकलेल्या गाडीत खारं पाणी शिरलं की वायरिंगची वाट लागते. ओढ्याला लोंढा असेल तर हट्ट न करता परत फिरा.

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या खडकाळ रुबिकॉन ट्रेलला जातोय. गटातले प्रत्येक गाडीत स्पिल किट, म्हणजे सांडलेलं तेल टिपायचं सामान, हवं म्हणतात. दगडात दोन थेंब तेल पडलं तर काय बिघडतं? – एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर : दोन थेंबांनी काही नाही. पण तिथे डिफरन्शियलच्या (चाकांमधल्या आसावरच्या गिअरपेटीच्या) झाकणावर दगड बसतो तेव्हा दोन लिटरच्या आसपास गिअर ऑइल जातं, आणि ऑइल पॅन फुटला तर पाच. तळ्यातळ्यांमधून जाणारा तो रस्ता, वितळलेल्या बर्फाबरोबर सगळं खाली जातं.

आणि रुबिकॉन आजवर का टिकला तेही ऐका. १८८७ मध्ये एल डोराडो काउंटीने जॉर्जटाउनहून लेक टाहोकडे जाणारा हा रस्ता सार्वजनिक रस्ता म्हणून ठरावाने जाहीर केला. तो कागद आहे म्हणून त्याला कुणी ‘कुणीतरी पाडलेली वाट’ म्हणू शकलं नाही. मोआबच्या वाटांकडे नेमका हाच कागद नव्हता. पण कागदानेही सगळं भागत नाही. २००४ मध्ये स्पायडर लेकची मुक्कामाची जागा मानवी विष्ठेमुळे बंद करावी लागली. ग्रॅनाइटच्या कातळावर खड्डा खणायला माती नाही, हे कुणी ध्यानातच घेतलं नव्हतं. २००९ मध्ये पाणी-नियामक मंडळाने काउंटी आणि फॉरेस्ट सर्व्हिस या दोघांना साफसफाईचा आदेश काढला : गाळ, तेल, विष्ठा. त्या आदेशानंतर पूल, पाण्याचे चर, स्वच्छतागृहं यांवर खर्च झाला, आणि स्वयंसेवकांनी दर उन्हाळ्यात काम केलं. तेव्हा कुठे रस्ता खुला राहिला.

किटमध्ये हे ठेवा : फक्त तेल शोषणारे, पाणी न शोषणारे पांढरे पॅड दहा-बारा, कापडी नळीसारखा शोषक ‘सॉक’ एक-दोन, जाड प्लास्टिकच्या पिशव्या चार, नायट्राइल हातमोजे, पसरट ट्रे, छोटं फावडं, इपॉक्सी पुट्टी, ब्रेक क्लीनर, आणि तुमच्या डिफरन्शियलला लागणाऱ्या तेलाच्या दोन बाटल्या.

गळती दिसली की इंजिन बंद करा, गाडी पुढे नेऊ नका. ‘जरा सपाटीवर घेतो’ म्हणत पन्नास फूट तेलाची धार लावणारे हमखास भेटतात. आधी ट्रे खाली सरकवा. मग उताराच्या खालच्या अंगाला सॉक आडवा टाकून बांध घाला, पॅड त्याच्या आतल्या बाजूला. आधी पॅड आणि नंतर बांध केलं तर तेल पॅडच्या कडेने निसटतं. झाकण चेपून तोंड उघडलं असेल तर ओठ ठोकून सरळ करा, ब्रेक क्लीनरने धातू चकचकीत होईपर्यंत पुसा आणि मगच पुट्टी दाबा. तेलकट धातूवर पुट्टी धरत नाही. घाई करणाऱ्यांची पुट्टी पुढच्या खडकाला गळून पडते. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, मग तेल भरा. काळी पडलेली माती मूळ रंग लागेपर्यंत खरवडून पिशवीत भरा. साबणाने धुऊ नका. डाग जातो, पण तेल फुटून पाण्यात मिसळतं. पॅड शेकोटीत जाळू नका. शौचासाठी पावडर असलेल्या बंद पिशव्या मिळतात, माणशी रोज एक धरा आणि भरलेल्या पिशव्या गाडीबाहेर बांधायला एक कडक डबा.

प्रश्न : आमच्या जवळच्या वाटांचा नवा आराखडा येतोय. ‘मत नोंदवा’ म्हणतात. हजारो जण लिहिणार, माझ्या पत्राने काय होणार? – एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : हे मतदान नाही. हजार लोकांनी एकच तयार पत्र पाठवलं तर खातं ते बहुधा एक मुद्दा म्हणून धरतं. एका माणसाने एका वाटेबद्दल अशी माहिती दिली जी फायलीत नाही, तर खात्याला तिला उत्तर द्यावं लागतं. आमच्या मते गाडीवाल्यांची बाजू इथेच सगळ्यांत कच्ची असते. विरोधी संघटनांकडे वाटेगणिक तक्ते असतात, आणि आपल्याकडे ‘जमीन जनतेची आहे’ एवढंच.

टाकाऊ पत्र असं : ‘आमच्या वाटा बंद करू नका, आम्ही कर भरतो.’ कामाचं पत्र असं : ‘अमुक क्रमांकाची वाट पर्याय ब मध्ये बंद दाखवली आहे. कारण दिलं आहे की ती दुसऱ्या वाटेची पुनरावृत्ती आहे. पण ती दुसरी वाट ०.६ मैलांवर वाळूच्या ओढ्यात संपते, कड्याच्या टोकापर्यंत जात नाही. फोटो आणि जीपीएस नोंद जोडली आहे. टोकाशी तीन गाड्या उभ्या राहतील एवढी कातळाची जागा आहे, झाडोरा नाही. शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांची चिंता असेल तर १ मार्च ते ३१ ऑगस्ट हंगामी बंदी पुरेल.’ बघा, यात चार गोष्टी आहेत : क्रमांक, खात्याच्या कारणातली चूक, पुरावा, आणि पूर्ण बंदीऐवजी मधला मार्ग. पत्र अर्थातच इंग्रजीत, एका पानात, एका वाटेला एक परिच्छेद.

मुदतीकडे डोळे लावून बसा. आधी ‘स्कोपिंग’ची, म्हणजे कोणते मुद्दे तपासायचे ते ठरवायची, फेरी असू शकते, मग मसुद्यावर मतं, मग निर्णय. फॉरेस्ट सर्व्हिसच्या निर्णयावर पुढे हरकत घ्यायची असेल तर आधीच्या फेरीत वेळेत, नेमकं, लेखी मत दिलेलं असावं लागतं. त्या वेळी गप्प बसलेल्याची हरकत वाचलीही जात नाही. पाठवलेल्या पत्राची पोच आणि तारीख जपून ठेवा. बीएलएमच्या निर्णयावर अपील करायचं झालं तर मुदत थोडी असते, साधारण ३० दिवस, आणि नेमकी तारीख निर्णयाच्या कागदावरच छापलेली असते. सगळ्यात उपयोगी तयारी आराखडा यायच्या आधीची असते : प्रत्येक फेरीला तारीख, वाटेचा क्रमांक, किती गाड्या भेटल्या, कुठे चिखल होता, एवढं वहीत टिपून ठेवा.

प्रश्न : रेंजर सायलेन्सरचा आवाज मोजतात तो कसा? माझी डर्ट बाइक दोनदा नापास झाली. – एक वाचक, सॅन होजे

उत्तर : कॅलिफोर्नियात १९८६ आणि नंतरच्या गाड्यांना मर्यादा ९६ डेसिबल. मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर, त्याच उंचीवर, ४५ अंशांच्या कोनात. इंजिन गरम, गिअर न्यूट्रल, आणि फेरे कमाल मर्यादेच्या निम्म्यावर. घरी फोनवर मोजून फसू नका, पण टेप लावून जागा आणि फेरे तरी बरोबर धरा. नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सायलेन्सरमधलं तंतूंचं पॅकिंग जळून पोकळ झालेलं. रिव्हेट काढा, जुनं खरवडा, नवं घट्ट पण ठासून नव्हे असं भरा. स्पार्क अरेस्टरची (ठिणग्या अडवणारी) जाळी त्याच वेळी तारेच्या ब्रशने साफ करा. आवाज कमी व्हावा म्हणून जाळी काढणारे महाभाग आहेत. आवाज त्याने वाढतोच, आणि जंगलात जाळीशिवाय गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे.

प्रश्न : आमचा थारचा गट आहे. मुळशीच्या बाजूला माळावर गेलो तर गावकऱ्यांनी अडवलं. जमीन गायरान आहे, म्हणजे सरकारी. मग आम्हाला मनाई कशी? – एक वाचक, पुणे

उत्तर : गायरान सरकारी असलं तरी ते गुरांसाठी राखलेलं असतं, हौशी चाकांसाठी नाही. त्यावर देखरेख गावाची असते. गावकऱ्यांनी अडवलं ते बरोबरच केलं. अमेरिकेसारखी ‘मोटारींसाठी खुली’ अशी जमीन आपल्याकडे कायद्याने ठेवलेलीच नाही, त्यामुळे तिथल्या नियमांचे दाखले इथे लावू नका. वनजमिनीत शिरलात तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६, अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा. शेतरस्त्याचा अडथळा काढायला १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ आहे, सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. पण ते शेतीकडे जाणाऱ्या वाटेसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

करायचं ते हे. जागेचा गट नंबर काढा, महाभूलेखवर सातबारा बघा. भोगवटादाराच्या नावाच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’, ‘वन’ किंवा ‘गुरचरण’ दिसलं तर ती जागा सोडा. खासगी मालक असेल तर लेखी संमती घ्या : तारीख, गाड्यांची संख्या, आत-बाहेर जायची वाट, पिकाचं किंवा बांधाचं नुकसान झालं तर भरपाई. सातबाऱ्यावर पाच नावं असतील तर एकाच्या होकारावर जाऊ नका, भावकीच्या वादात तुमची गाडी अडकेल. विम्याची पॉलिसी वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी तिच्यात सहसा वगळलेली असते.

पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर मुळीच जाऊ नका. कातळावर बोट-दोन बोटं माती असते आणि तेवढ्यात ‘सीतेची आसवं’सारखी फुलं येतात, एका चाकाने ती माती पाण्यासकट वाहून जाते. कोकणच्या किनाऱ्यावरही नको. अडकलेली गाडी काढायला गावाला ट्रॅक्टर आणावा लागतो, निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदला जातो, आणि हिवाळ्यात वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला वाळूत कासवांची घरटी असतात. पिल्लू टायरच्या खोल चाकोरीत पडलं की समुद्राकडे न जाता चाकोरीतूनच चालत राहतं.

प्रश्न : काउंटीच्या रस्त्यावर शेजारच्या रँचवाल्याने फाटक लावून कुलूप घातलंय. तोडलं तर चालेल? – एक वाचक, बॉइसी

उत्तर : नाही. फोटो काढा, जीपीएस नोंद घ्या, काउंटीच्या रस्ते विभागात जाऊन तो रस्ता त्यांच्या यादीत कोणत्या क्रमांकाने आहे ते विचारा. यादीत असेल तर कुलूप काढायला लावणं हे त्यांचं काम, लेखी तक्रार द्या. यादीत नसेल तर रस्ता बहुधा खासगी आहे आणि तुम्हीच अतिक्रमण करत होता. कुलूप नसलेलं फाटक मात्र जसं सापडलं तसंच ठेवा : बंद असेल तर गेल्यावर बंद, उघडं असेल तर उघडं. पलीकडे पाणी असेल तर गुरांसाठी ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.